अकरा घरांचा चहा

१ जानेवारी १९८३, शनिवार. सकाळी ७.

खताच्या एका कंपनीची डायरी मिळाली. कंपनीचा माणूस काल एसटी स्टँडवर भेटला. ओळख नव्हती, दहा मिनिटांत झाली. बस लागली तेव्हा त्याने बॅगेतून डायरी काढून माझ्या हातात दिली. खरं म्हणजे डायऱ्या शेतकऱ्यांना वाटायच्या होत्या, आणि मला शेत नाही, भांड्यांचं दुकान आहे. पण माझी पर्सनॅलिटी बघून त्याने काही विचारलं नाही.

डायरीत खरं तेच लिहायचं. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

यंदाचे संकल्प. एक, सकाळी दहाच्या आत उंबरा ओलांडायचा नाही. दोन, दुपारी दुकानात बसायचं. सध्या गौरम्मा बसते. माझ्यासारख्या माणसाची बायको गल्ल्यावर बसलेली बरी दिसत नाही. तीन, आमच्या जगदेवीचं लग्न आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत जमवायचं. पोरीला बावीस पूर्ण झाली. बारावी पास आहे, कामाला वाघ आहे, बोलायला कमी आहे. पाऊस गेला म्हणून लोक लग्नं पुढच्या सालावर ढकलतायत. मी ढकलणार नाही. अख्ख्या औशात माझ्याएवढ्या ओळखी कुणाच्या आहेत? नुसता शब्द टाकायचा अवकाश.

७.४०. दूध आलेलं नाही. का आलं नाही ते बघून येतो.

२ जानेवारी.

काल दुधाचं बघायला गेलो. दूधवाल्याची म्हैस आटली. चारा नाही, पाणी नाही, आटणारच. त्याचं दुःख ऐकून घेतलं. मग त्याच्यासाठी कडब्याची चौकशी करायला मार्केट यार्डात गेलो. तिथे चौघं भेटले. परत आलो तेव्हा दिवे लागले होते. दूध राहिलं. कडबाही राहिला.

गौरम्मा म्हणाली, तुमच्या पायाला भिंगरी हाय, दूध आणाया गेलेला माणूस दिवेलागणीला येतो, ते बी मोकळ्या हातानं.

‘पायाला भिंगरी.’ चांगला शब्द आहे. डायरीच्या मागे कोरी पानं आहेत. लोक मला काय काय म्हणतात ते तिथे लिहून ठेवायचं ठरवलं. आता जिल्हा लातूर झाला. नव्या जिल्ह्यात नवी माणसं पुढे येणार, सत्कार होणार. माझं मानपत्र लिहायची वेळ आली की ऐन वेळी शब्द शोधत बसायला नको.

५ जानेवारी.

लातूरला जाऊन आलो. पूर्वी एवढ्याशा कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर. कलेक्टर ऑफिसातल्या पाट्यांचा रंग अजून नवा आहे. टंचाई समितीवर अशासकीय मेंबर म्हणून मला घ्यावं असा अर्ज दिला. क्लार्कने विचारलं, कोणत्या संस्थेतर्फे? मी म्हटलं, माझ्यातर्फे. तो शेजारच्याकडे बघून म्हणाला, हे आपले बिनपगारी फुल अधिकारी.

फुल अधिकारी! पहिल्याच भेटीत! मागच्या पानावर नोंद केली. अर्ज कुठल्या फायलीत गेला ते कळलं नाही, पण शिपायाची चांगली ओळख झाली.

दहाच्या आत बाहेर न पडण्याचा संकल्प आज मोडला. बस सातची होती, इलाज नव्हता.

१४ जानेवारी. येळवस आणि संक्रांत.

पंचांगवाल्यांनी दोन्ही सण एकाच दिवशी आणले. सोयीचं झालं.

येळवशीचा नियम असा की सगळं गाव शेतात जेवायला जातं आणि बांधावरून जाणाऱ्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत. हा सण माझ्यासाठीच काढलेला आहे. ज्वारी यंदा गुडघ्याच्या वर गेलेली नाही, कणसांचा पत्ता नाही, पण कडब्याच्या कोपी उभ्या होत्या आणि भाज्या-डाळींच्या भज्जीला चव होती. कापडवाले सिद्रामप्पा यांच्या शेतावर आम्हाला घरचं बोलावणं होतं. मी गौरम्माला म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, पाच मिनिटांत आलोच. वाटेत सहा शेतं लागली. सहा ठिकाणी बसावं लागलं. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलं तर माणसं तुटतात.

सिद्रामप्पांच्या शेताच्या वळणावर पोचलो तेव्हा घरची मंडळी परत निघालेली भेटली. जगदेवीच्या डोक्यावर आंबिलीची रिकामी घागर होती. जेवलीस का विचारलं, तर मानेनेच हो म्हणाली. नंतर कळलं, माझी वाट बघत ती सगळ्यांच्या शेवटी बसली होती. कुणी सांगितलं होतं थांबायला?

सासूबाई उदगीरकडच्या, सध्या आमच्याकडेच असतात. नाव गुरम्मा. चिडल्या की कानडीत बोलतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. आज माझ्याकडे बघून लेकीला म्हणाल्या, तिरुबोकी.

१६ जानेवारी.

बिदरच्या गाडीचा ड्रायव्हर स्टँडवर भेटला. त्याला तिरुबोकीचा अर्थ विचारला. तो आधी हसला, मग म्हणाला, लई फिरणारा माणूस. म्हणजे पर्यटक. नोंद केली. सासूबाई वरून कडक आहेत, पण माणसाची पारख आहे.

११ फेब्रुवारी. शिवरात्र.

उपास. मठात जाऊन आलो, तिथून मोईनचाचांच्या दुकानात. चाचा घड्याळं दुरुस्त करतात. निजामाच्या काळापासूनची उर्दू त्यांच्या तोंडात आहे. डोळ्याला भिंग लावून माझ्याशी बोलत होते. म्हणाले, बसलिंगप्पा, तुम यारबाश आदमी हो. यारबाश म्हणजे दोस्तांत रमणारा. केवढा खानदानी शब्द! मी शब्द लिहून घेतोय तोवर चाचा आणखी काही म्हणाले. मगर घर में भी कोई यार रख्खो, असं काहीसं. ते लिहिलं नाही, कारण तो सल्ला आहे, शब्द नाही.

दुकानात बसण्याचा संकल्प: आजवर दोनदा पार पडला. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्याबरोबर त्याच्या गावापर्यंत जावं लागलं. दुकान तसंच उघडं राहिलं. जगदेवी टँकरवरून आली म्हणून बरं. दुष्काळात घागरी आणि ड्रम धडाधड खपतायत. गौरम्माला धंद्यातलं काही कळत नाही, पण खपतायत.

२० फेब्रुवारी.

उदगीरहून मेहुण्याचं पत्र आलं. संगप्पा, गौरम्माचा धाकटा भाऊ. निलंग्याचं स्थळ आहे. मुलगा नव्या कलेक्टर ऑफिसात क्लार्क लागलाय. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. एका लग्नात त्याने जगदेवीला पाहिलंय आणि त्याला पसंत आहे. आता फक्त चौकशीला माणूस पाठवतील.

ही आमच्यातली पद्धत. सोयरिकीआधी मुलाकडचा एक वडीलधारा गुपचूप गावात येतो. हॉटेलात बसतो, नाव सांगत नाही, इकडचं तिकडचं विचारतो आणि घराची अब्रू तोलून जातो. मग हो किंवा नाही.

पत्र वाचून जगदेवी आत गेली. गौरम्मा म्हणाली, पोरीला आवडलंय, आठ-पंधरा रोज घर सोडू नका, माणूस कवा बी येईल. मी म्हटलं, काळजी करू नकोस. चौकशीचा माणूस मी शंभर पावलांवरून ओळखतो. आजवर या गावात आलेल्या किती जणांना मीच घरं दाखवलीत.

२१ फेब्रुवारी.

विचार करून ठरवलं, माणूस येणार तो एसटीनेच. तेव्हा घरी बसून काय उपयोग? रोज स्टँडवर थांबायचं. हे घरचंच काम आहे.

२६ फेब्रुवारी.

स्टँडवर टँकरचा ड्रायव्हर भेटला. किनगावचा. त्याच्या मामाचा आणि माझा जुना परिचय निघाला. दोन तास बसलो. टंचाईवर सविस्तर चर्चा झाली.

घरी आलो तर गल्लीत भांडण. टँकर आलाच नव्हता. आमच्या गल्लीची पाळी होती आणि जगदेवी पहाटे पाचपासून रांगेत घागरी मांडून बसली होती. ड्रायव्हर कुठं मेला म्हणून बाया शिव्या देत होत्या. जगदेवीने माझ्या शर्टावरचा चहाचा डाग बघितला. शेजारच्या शांतम्मा म्हणाल्या, रिकामटेकडा. मला उद्देशून असेल असं वाटत नाही. तरी नोंद केली.

३ मार्च. सायंकाळी ६.

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

साडेनवाच्या गाडीतून एक वयस्क गृहस्थ उतरले. कपाळाला विभूती, स्वच्छ धोतर, हातात पिशवी. शंभर पावलांवरून ओळखलं, चौकशीचा माणूस! पुढे होऊन शरणार्थ म्हणून हात जोडले. कुठले विचारलं, तर म्हणाले, भालकीचा, बियाण्याच्या कामाने आलोय. थोडं निराश वाटलं, कारण आपलं स्थळ निलंग्याचं. पण सोडलं नाही. हॉटेलात नेलं. पहिल्या घोटाला त्यांनी विचारलं, कापडवाले सिद्रामप्पा कसे आहेत?

सगळं ध्यानात आलं. सिद्रामप्पाची तारामती लग्नाची आहे. मी म्हटलं, पाहुणे, मला फसवू नका, तुम्ही पोरगी बघायला आलात. ते हसले. म्हणाले, तुमच्यापुढं काय लपणार.

मग मी दिवसभर त्यांच्यासाठी दिला. स्वार्थ काही नाही. कुणाच्या लेकीचं भलं होत असेल तर आपले पाय झिजले म्हणून काय बिघडलं? सिद्रामप्पाच्या घरी नेलं, तारामतीच्या हातचा चहा पाजला. सिद्रामप्पा म्हणजे नुसता घरकोंबडा, दुकान ते घर आणि घर ते दुकान. बोलता येत नाही बिचाऱ्याला. तेव्हा त्याचं कौतुकही मलाच करावं लागलं. मग मठाच्या अय्यांकडे, हेडमास्तरांकडे, मार्केट यार्डात अडत्यांकडे. अकरा घरं झाली. अकरा घरी चहा. पाण्याच्या टंचाईतही एकाही घराने नाही म्हटलं नाही. पाहुणे सारखे विचारत होते, घरी कधी असता? मी म्हटलं, घरी आंघोळ आणि झोप, बाकी गाव हेच घर. महिन्यात चार वेळा घरी जेवलो तर बायको आजारी आहे का विचारते. ते पुन्हा हसले.

निघताना म्हणाले, सगळ्यांची घरं दाखवलीत, तुमचं राहिलं. माझं घर स्टँडपासून तिसरी गल्ली. मी म्हटलं, आमच्या घरी काय बघण्यासारखं? बायको दुकानात, पोरगी टँकरवर. तुमची गाडी चुकेल.

साडेचारच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत उभा होतो. फार लाघवी माणूस. नाव गुरुपादप्पा.

निलंग्याचा माणूस आजही आला नाही.

१५ मार्च.

निलंगेकरांचा पत्ता नाही. गौरम्मा रोज विचारते. मी म्हटलं, अशी बेशिस्त माणसं असतील तर आपणच विचार करावा लागेल. जगदेवीने ओसरी सारवलीय. पाणी नसताना सारवायची काय गरज होती?

२ एप्रिल.

आनंदाची बातमी. तारामतीचं जमलं! सिद्रामप्पाने स्वतः येऊन बोलावणं केलं. आज सुपारी फुटली. मी पुढच्या रांगेत होतो. मुलाच्या चुलत्याने सुपारी फोडली. कोण असावेत? गुरुपादप्पा! मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, हे भालकीचे पाहुणे आम्हीच आणले बरं. कुणी तरी म्हणालं, भालकीचे कुठले, निलंग्याचे. मुलगा कलेक्टर ऑफिसात क्लार्क आहे.

योगायोग बघा. निलंग्याचेच दोन मुलगे, दोघेही क्लार्क! नव्या जिल्ह्यात भरती जोरात दिसते.

पेढे घरी आणले. गौरम्माने हात लावला नाही.

३ एप्रिल.

दोन नव्हते. एकच होता.

गौरम्माने सकाळी सांगितलं. संगप्पाला हे दहा दिवसांपूर्वीच कळलं होतं, तिलाही कळलं होतं. गुरुपादप्पा संगप्पाला म्हणाले म्हणे, पोरगी चांगलीच असंल, आमचं काय म्हणणं न्हाई. पण तिच्या बापानं आमाला अकरा घरी चहा पाजला अन् सोताच्या उंबऱ्याला न्हाई नेलं. ज्याला आपलंच घर दाखवावं वाटंना, त्या घरात आमी पाहुणे म्हणून कसं यावं? अन् जे घर त्यानंच येवढं वाखाणलं, ते आमाला बी आवडलं.

माझं म्हणणं एवढंच की त्यांनी भालकी सांगितलं. खोटं सांगणाऱ्या माणसाशी सोयरिक झाली नाही हे बरंच झालं. हे मी गौरम्माला म्हटलं. ती म्हणाली, गावभर उंडारता ते उंडारता, वर पोरीचं नशीब बी दुसऱ्याच्या दारात नेऊन ठिवलं. आणि रडली. दुकान उघडायची वेळ झाली तेव्हा तोंड धुऊन गेली.

जगदेवी घागर घेऊन निघाली होती. मी तिला म्हटलं, बाई, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, आप्पा, वाटेतून सरका, टँकर येईल.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. घरात बसवेना. जरा पाय मोकळे करून आलो. यायला संध्याकाळ झाली.

१४ एप्रिल. पाडवा.

नवं साल, नवा माणूस. आता फक्त घर. परवापासून बाहेर पडलोच नाही. म्हटलं, गाव विचारत येईल, बसलिंगप्पा दिसत नाहीत, बरं आहे ना? दोन दिवसांत एकच जण आला. त्याला सोळा लिटरची घागर हवी होती.

लोक कृतघ्न असतात. मी कुणाच्या मयताला गेलो नाही असं नाही, कुणाच्या बारशाला गेलो नाही असं नाही. हॉटेलात माझी खुर्ची रिकामी असेल, बघवत नसेल लोकांना, म्हणून येत नसतील.

दुपारी ४. खुर्ची बघून येतो.

३० एप्रिल.

संगप्पा आला. अहमदपूरचं स्थळ आणलंय. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, वडील मडिवाळप्पा. संगप्पाच्या शब्दावर येतायत, चौकशी वगैरे काही नाही. आखितीला सकाळी अकरा वाजता येणार, पोरगी बघणार, जमलं तर त्याच बैठकीत सुपारी. लग्नही मेअखेरच उरकणार. पाणी नाही म्हणून मोजकी माणसं.

संगप्पा मला म्हणाला, दाजी, तुमी म्हंजे बारा पिंपळावरचा मुंजा. त्या दिवशी मेहेरबानी करा अन् एकाच पिंपळावर बसा. वयाने लहान असून असं बोलणं शोभत नाही. पण जगदेवीसाठी ऐकून घेतलं.

तो गेल्यावर जगदेवी चहा घेऊन आली. महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, आप्पा, येवढा एक दिवस घरी राहा. मला दुसरं काय बी नको. मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून कबूल केलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. लहानपणी मला बाजारातून यायला उशीर झाला की अशीच दारात उभी राहून बघायची.

ही पोर सासरी गेल्यावर घर खायला उठेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१५ मे १९८३. आखिती. बसव जयंती.

सकाळी ५.३०. आज उंबरा ओलांडायचा नाही. आंघोळ, पूजा झाली. दोन घागरी पाण्यात सगळ्यांच्या आंघोळी. माझी पहिली.

७.००. ओसरीवर जाजम अंथरलं. मी स्वतः अंथरलं. गौरम्माने वाकडं आहे म्हणून पुन्हा अंथरलं.

८.१०. जयंती मंडळाची माणसं बोलवायला आली. मिरवणूक नऊला निघते. मी सांगितलं, आज जमणार नाही, घरी कार्य आहे. ते म्हणाले, तुमच्याशिवाय कशी निघंल? म्हणाले, नुसतं नारळ फोडून परत या.

हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. तुमच्याशिवाय कशी निघंल.

८.४०. नऊला मिरवणूक, अकराला पाहुणे. मध्ये दोन तास. हिशेब सरळ आहे. शिवाय फेटा बांधलेला व्याही पाहुण्यांना दिसला तर इम्प्रेशन चांगलं पडेल.

८.५०. फेटा बांधून हे लिहितोय. गौरम्मा दारात उभी आहे. जगदेवीने हिरवं इरकल नेसलंय. म्हणाली, आप्पा, अकरा. मी म्हटलं, अकराच्या आत.

१६ मे.

मिरवणूक साडेदहाला निघाली. बैल मिळेनात. चाऱ्यावाचून बैल राहिलेत कुणाकडे? शेवटी प्रतिमा ट्रॅक्टरवर ठेवली. नारळ मीच फोडला. मग म्हटलं, आता पुढच्या चौकापर्यंत जावं, तिथून गल्ली जवळ. चौकात गर्दी झाली, मला पुढे घातलं. हलग्या, लेझीम. घड्याळ बघायला हात वर करायलाही जागा नव्हती.

बाराच्या सुमाराला मिरवणूक आमच्याच गल्लीत शिरली. दारात जीप उभी. ओसरीवर सात-आठ माणसं बसलेली. सगळे बघत होते. मला आत जायला पाहिजे होतं हे मला कळतं. पण त्या क्षणाला सगळं गाव माझ्या मागे चाललेलं त्यांना दिसत होतं. म्हटलं, बघू द्या. सोयरिक कुणाच्या घरी होतेय ते बघू द्या. मी फेटा सावरून दोन्ही हात उंच करून हात केला. ओसरीवरच्या एका म्हाताऱ्यानेही हात केला. जगदेवी ट्रे घेऊन उभी होती. तेवढ्यात ट्रॅक्टर पुढे सरकला.

घरी पोचायला अडीच वाजले. जीप नव्हती. ताटात फुटलेली सुपारी होती.

जमलं! आखितीच्या आत जमलं! मी गौरम्माला म्हटलं, बघ, एक जानेवारीला लिहिलं होतं. ती ताटं उचलत होती. मी पेढे खाल्ले. संगप्पाने सुपारी फोडली, मामाचा मान असतोच.

१७ मे.

सासूबाई आज मराठीत बोलल्या. मला कळावं म्हणून.

पाहुणे आले तेव्हा मुलीचे वडील कुठं म्हणून विचारलं. संगप्पाला काही सुचेना. त्याने सांगितलं, दाजी किनवटला गेलेत, तिकडे जवळचं कुणी वारलंय, आता लग्नालाच येतील. पाहुण्यांनी मान डोलावली. मग मिरवणूक आली. मडिवाळप्पांनी विचारलं, तो फेटेवाला आपल्याला हात करायलाय, कोण हाय तो? गौरम्माने खाली बघितलं. तेव्हा जगदेवी बोलली. चहाचा ट्रे हातात होता म्हणे, एकही कप हलला नाही. म्हणाली, गावातलं एक माणूस हाय, सगळ्यालाच हात करतंय.

सगळे हसले. मग सुपारी फोडली.

मी सासूबाईंना म्हटलं, पोरगी घाबरली असेल. त्या म्हणाल्या, न्हाई, अजिबात घाबरली न्हाई.

जगदेवीला विचारायला मागच्या अंगणात गेलो. ती तांदूळ निवडत होती. विचारलं, असं का म्हणालीस, बाई? तिने एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, तर काय सांगू, आप्पा? माझे वडील हायत म्हणू? अन् ते घरासमोरून निघून चाललेत म्हणू?

मी तिथून परत ओसरीवर आलो. मला सगळ्या गावाशी बोलता येतं.

१९ मे.

लग्न सत्तावीसला, उदगीरला, संगप्पाच्या दारात. संगप्पाने ठरवून दिलंय. अहमदपूरकरांची मावशी औशातच हनुमान गल्लीत राहते. तेव्हा लग्नापर्यंत मी गावात दिसायचं नाही. फेटा घालायचा नाही. मिशी काढायची. सव्वीसला उदगीरला यायचं, किनवटहून आलो म्हणून सांगायचं आणि फार बोलायचं नाही.

तीन दिवस मागच्या खोलीत आहे. खिडकी मागच्या रस्त्यावर उघडते, पण बंद ठेवायची. रस्त्याने जाणाऱ्यांचे आवाज ओळखू येतात. दोघांनी गौरम्माला विचारलं, कुठं गेले? ती म्हणाली, किनवटला. लगेच पटलं त्यांना. परत कधी येणार, हे कुणी विचारलं नाही.

दुपारी जगदेवी जेवणाचं ताट ठेवून गेली. म्हणाली, किनवटला कुणाकडं गेला होता म्हणून विचारलं तर एखादं नाव ठरवून ठिवा.

सकाळपासून विचार करतोय. किनवटला मी कधीच गेलेलो नाही. तिथे मी एकालाही ओळखत नाही.